अकरा बावन्नचा राजीनामा

१

वसुधा पाठारेनं राजीनामा दिल्याची बातमी सगळ्यात शेवटी वसुधा पाठारेलाच कळली.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती हातात वड्याची पुडी घेऊन जिना चढून वर आली, तेव्हा साहेबांच्या केबिनबाहेर धाकूमामा उभे होते. त्यांचा चेहरा पाहून तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

"कोण गेलं, मामा?"

"तूच," धाकूमामा म्हणाले.

अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या फण्या बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ही संगणक संशोधन प्रयोगशाळा होती. सन एकोणीसशे शहाऐंशी. खाली दिवसाला दहा हजार फण्या तयार होत. वर दोन वर्षांत एक गोष्ट तयार झाली होती, ती म्हणजे पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारी वसुधाची प्रणाली. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं. आज तीन वाजता दिल्लीचे पाहुणे ती बघायला येणार होते. जो दाखवील त्यालाच ते प्रकल्पप्रमुख नेमणार, हे फणीवाल्यांनाही ठाऊक होतं.

धाकू परब पूर्वी लालबागच्या गिरणीत टाइमकीपर होते. संपानंतर गिरणी बंद पडली आणि मामांकडे एक घड्याळ आणि वेळ पाळायची सवय, एवढंच उरलं. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर ते घड्याळ लावत. प्रयोगशाळेत त्यांच्याकडे तीन कामं होती. आल्यागेल्याची वेळ वहीत लिहिणं, मशीनरूमबाहेरची चपलांची मांडणी सरळ ठेवणं आणि टपाल पोचवणं.

टपाल म्हणजे साधंसुधं टपाल नव्हे. इथल्याच लोकांनी एक सोय केली होती. एका टर्मिनलवर मजकूर लिहायचा, तो तारेतून दुसऱ्याला पोचायचा. कागद नको, शिपाई नको. फक्त श्रोत्री साहेब, म्हणजे संचालक, टर्मिनलला हात लावत नसत. त्यामुळे त्यांच्या नावानं आलेलं टपाल प्रिंटरवर छापलं जाई, मामा ते फाडत, लाल नाडीच्या फायलीत घालत आणि पंधरा पावलं चालून केबिनमध्ये नेत. तारेनं एका क्षणात आलेला मजकूर अशा रीतीनं पाच मिनिटांत पोचे.

आज त्यांनी वसुधाचा राजीनामा नेला होता.

"तीन ओळी होत्या," मामा म्हणाले. "वैयक्तिक कारण, आजपासून काम सोडते, आभारी आहे. खाली तुझं नाव. साहेबांनी वाचला आणि लगेच हिरव्या शाईत लिहिलं, स्वीकारला, सखेद. मी म्हटलं, साहेब, पोरीला विचारा तरी. तर म्हणतात, कंप्युटरनं छापलंय, परब, विचारायचं काय त्यात?"

वसुधा केबिनमध्ये गेली. चार मिनिटांनी बाहेर आली. वडे तिच्या हातात तसेच होते.

"म्हणतात, गेल्याच आठवड्यात तू एसीवरून चिडून राजीनामा तोंडावर फेकीन म्हणाली होतीस. म्हणतात, हिरवी शाई रडून पुसत नाही, पुरावा आण. प्रयोग माझ्या जागी आपला सीनियर चंद्रप्रकाश दाखवणार." तिचा आवाज एकदम खाली गेला. "मामा, मी लिहिला नाही हो तो. तुम्ही नेलात ना आत? मग तुम्हीच परत आणून द्या."

मामांनी घड्याळ बघितलं. बारा सतरा. मग हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिथे बारा सत्तावीस झाले होते. ते घड्याळ दहा मिनिटं पुढे असे. लोक वेळेवर यावेत म्हणून चार वर्षांपूर्वी साहेबांनी तसा हुकूम काढला होता आणि स्वतः विसरून गेले होते. बाकी सगळे ते बघताना मनातल्या मनात दहा वजा करत, श्वास घ्यावा इतक्या सहज.

पावणेतीन तास होते.

२

मशीनरूमला चप्पल घालून जाता येत नसे. धूळ गेली तर मशीन आजारी पडतं, असं मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. आत थंडीही इतकी की मे महिन्यात लोक स्वेटर घालून बसत. चार टर्मिनलं आतच होती, कारण तारा तोकड्या आल्या होत्या.

टर्मिनल सुरू करून नाव आणि परवलीचा शब्द सांगून आत शिरायला चार मिनिटं लागत. म्हणून चहाला जाताना कुणी ते बंद करत नसे. कीबोर्डवर रुमाल टाकायचा आणि जायचं. रुमाल टाकला की जागा राखली. दुसऱ्याचा रुमाल उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली पोळी उचलण्यासारखं. आजवर कुणी उचलला नव्हता.

वसुधाचा निळ्या किनारीचा रुमाल तिसऱ्या टर्मिनलवर होता तसाच होता.

"ज्यानं केलं त्यानं रुमाल उचलला, तुझ्या नावानं लिहिलं आणि परत टाकला," मामा म्हणाले. त्यांना राजीनाम्यापेक्षा रुमालाचा जास्त राग आलेला दिसला.

आत ऑपरेटर बाळ धुरी मशीनशेजारी स्टुलावर बसला होता. कुडाळचा, पंचविशीचा, मशीनवर सख्ख्या म्हशीसारखी माया. रोज सकाळी मशीन जागं झालं की पहिला प्रश्न विचारी, आज तारीख काय, वेळ काय? मग बाळ काचेतून मान वर करून बघे आणि त्याला वेळ सांगे. दिवसभर मग मशीन स्वतःच्या हिशेबानं चाले आणि प्रत्येक पत्रावर वेळेचा शिक्का मारी.

"काय रे झिला, ह्या कोणी केलां?" मामांनी विचारलं.

"माका काय ठाव, मामा? पण वेळ बघूक येता." बाळनं दोनचार कळा दाबल्या. पडद्यावर हिरवी ओळ आली. "हे बघा. तिसरं टर्मिनल, वसुधाचं नाव, अकरा बावन्न."

"अकरा बावन्नला हंय कोण होतां?"

बाळनं मामांच्या वहीकडे बघितलं.

मामांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं. अकरा पस्तीस, कागदाचे खोके घेऊन टेम्पो आला. मोजायला बाळ आणि मी खाली गेटवर. अकरा अडतीस, वसुधा आणि प्रेमा शेजारच्या इमारतीतल्या कँटीनला, पहिल्या घाण्याच्या वड्यांसाठी. अकरा सेहेचाळीस, बाळ आणि मी खोके घेऊन वर. त्यानंतर मामांनी प्रिंटरवरचं टपाल फाडून नेलं आणि बाळ खोके लावत आतच राहिला.

एकटा.

"मामा," बाळ हळूच म्हणाला, "अकरा बावन्नला हंय मीच होतंय."

"मशीन चुकला असात."

"मशीन चुकत नाय, मामा," बाळ म्हणाला. स्वतःला फासावर चढवताना इतका प्रामाणिक माणूस मामांनी गिरणीतही पाहिला नव्हता.

३

प्रेमा साटम डेटा एंट्री करत असे आणि मत विचारण्याआधी देत असे.

"बाळच असणार. परवाच वसुधानं एसी कमी केला तर हा म्हणाला, मशीनला ताप आला तर तू औषध देणार का? भांडले दोघं. मी म्हटलं यार, मशीन आहे ते, जावई नाही."

"तू कुठे होतीस?"

"वसुधाबरोबर रांगेत. पुढे फणीवाले बारा जण. वाट लागली. आणि हो मामा, मला विचारता तसं त्या चंद्रप्रकाशला विचारा ना! प्रयोग त्याला मिळाला."

"तो साहेबांसमोर होता. मी स्वतः बघितला."

"मग बाळच," प्रेमा म्हणाली. "नाहीतर वसुधानं स्वतःच. नाहीतर तुम्ही. टपाल तर तुम्हीच नेलंत ना?"

मामांना हसू येईना. एक वाजेपर्यंत प्रयोगशाळेत कुणी कुणाशी नीट बोलेना. चारही टर्मिनलांवर प्रत्येकी दोन रुमाल पडले. एकानं रुमालावर फण्यांचं खोकं ठेवलं. डबा खाताना जो तो आपल्या भाजीकडे संशयानं बघत होता.

चंद्रप्रकाश देवधर, वरिष्ठ प्रोग्रॅमर, हॉलमध्ये बसून वसुधाची कागदपत्रं चाळत होता. नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट, तपकिरी नाडीचे बूट. बाकी सगळी प्रयोगशाळा चपलांवर चाले, हा एकटा नाडीवर.

"परब, वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "पण प्रयोग तर कुणीतरी दाखवायला हवा."

"अकरा बावन्नला तुम्ही..."

"साहेबांच्या केबिनमध्ये. पावणेबाराला त्यांनी बेल मारली, दोनदा, म्हणजे माझी. सव्वाबारापर्यंत तिथेच. तुम्हीच तर टपाल घेऊन आलात, मी समोर बसलेला होतो."

"होतात खरे."

"आणि आज सकाळपासून मी मशीनरूममध्ये पाय ठेवलेला नाही. हवं तर वही बघा."

मामा वळले, मग परत वळले. "बुटांचं काय झालं होतं?"

"कसलं?"

"केबिनमध्ये तुमच्या पायात निळ्या स्लिपर होत्या. संडासातल्या."

चंद्रप्रकाशनं पाय खुर्चीखाली घेतले. "बूट चावत होते."

"आता?"

"आता नाही चावत."

मामांनी मान डोलावली आणि चपलांच्या मांडणीजवळ जाऊन उभे राहिले. खोके घेऊन वर आले तेव्हाचं त्यांना आठवलं. मांडणी रिकामी होती, फक्त खालच्या फळीवर तपकिरी बुटांचा एक जोड, एक उताणा, एक पालथा, नाड्या लोंबत. सवयीनं त्यांनी तो सरळ करून ठेवला होता. आत बघितलं तर कुणीच नव्हतं. बूट इथे, माणूस केबिनमध्ये. पाय न ठेवलेल्या माणसाचे बूट मशीनरूमच्या दारात काय करत होते?

पण यातून निघत काहीच नव्हतं. बूट काढून तो आत गेला होता, बेल वाजली, नाड्या बांधायला वेळ नव्हता म्हणून समोरच्या संडासातल्या स्लिपर सरकवून पळाला. ठीक. पण हे पावणेबाराला. राजीनामा अकरा बावन्नचा. तेव्हा तो साहेबांसमोर बसलेला, आणि साक्षीदार खुद्द धाकू परब.

अडीच वाजता बाळनं आपली चूक नसतानाच एक माफीपत्र लिहायला घेतलं.

"ह्या काय करतंस?"

"मशीन म्हणता मीच होतंय. कदाचित झोपेत केलंय असात, मामा."

मामांनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि केबिनमध्ये गेले. साहेब टाय बांधत होते.

"साहेब, तो राजीनामा एकदा बघू?"

"बघा. पण हिरवी शाई आहे, परब."

मामांनी कागद खिडकीशी धरला. वर मशीनचा शिक्का, अकरा बावन्न. खाली साहेबांचा शेरा, सही, तारीख आणि वेळ. साहेब सहीखाली वेळ घातल्याशिवाय राहत नसत, आपल्या मनगटावरच्या घड्याळाची, मिनिटासकट.

अकरा एकोणपन्नास.

मामांनी पुन्हा वाचलं. मग ते साहेबांच्या समोर, न विचारता, खुर्चीत बसले. प्रयोगशाळेच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही हा राजीनामा लिहिला जायच्या तीन मिनिटं आधी स्वीकारलात."

४

तीनला बारा मिनिटं कमी असताना केबिनमध्ये सहा माणसं होती आणि खुर्च्या तीन.

"याचा अर्थ?" साहेबांनी विचारलं. त्यांचा टाय अर्धाच बांधलेला राहिला होता.

"गिरणीत एकदा एक कामगार यायच्या आधी निघून गेल्याची नोंद झाली होती," मामा म्हणाले. "तेव्हा आम्ही कामगाराला नाही, घड्याळाला धरलं. साहेब, तुमचं घड्याळ आणि माझं, दोन्ही जुळतात. आता बघा. बाळ, जा, साहेबांना एक टपाल पाठव. काय पण लिही."

बाळ धावला. मामा प्रिंटरपाशी उभे राहिले, कागद फाडला आणि आज पहिल्यांदाच फाईल न घेता पळत आत आले. कागदावर लिहिलं होतं, मशीन चुकत नाही. वर शिक्का होता, तीन वाजून एक मिनिट.

साहेबांनी मनगट बघितलं. तीनला नऊ कमी.

"बाळ," मामांनी विचारलं, "सकाळी मशीन वेळ विचारतं तेव्हा तू कुठे बघतोस?"

"हॉलातल्या घड्याळाकडे," बाळ म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. "अरे देवा. मामा, मी दहा वजा करूक नाय."

"कोणीच केले नाहीत. आपण सगळे करतो, मशीनसाठी करायचे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चार वर्षं. घड्याळ चुकीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण तेच मशीननं छापलं की बरोबर." मामांनी राजीनामा टेबलावर ठेवला. "हा अकरा बावन्नला लिहिलेला नाही, साहेब. अकरा बेचाळीसला लिहिलाय."

वसुधा भिंतीला टेकून उभी होती. तिनं श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला.

"अकरा बेचाळीसला," मामांनी वही उघडली, "बाळ माझ्याबरोबर खाली खोके मोजत होता. सत्तावीस खोके, दोन फाटके. वसुधा आणि प्रेमा चार मिनिटं आधी गेटातून बाहेर, वड्यांच्या रांगेत."

"मागे फणीवाले नऊ," प्रेमा म्हणाली.

"आपण सहा जण, त्यातले चौघं खाली. मजल्यावर उरले दोघे. एक साहेब."

"मी?" साहेबांनी टाय सोडला.

"तुम्ही टर्मिनलला हात लावत नाही, साहेब. लावत असतात तर मला पंधरा पावलं चालावं लागलं नसतं." मामा वळले. "दुसरे तुम्ही, देवधर. आज सकाळपासून मशीनरूममध्ये पाय ठेवला नाही म्हणालात. पाय ठेवले नसतील, बूट तर ठेवले होते. मीच सरळ केले. राजीनामा लिहून झाला, रुमाल परत टाकला, तेवढ्यात साहेबांची बेल. नाड्या बांधायला तीन मिनिटं लागतात. संडासातल्या स्लिपरला काही लागत नाही."

चंद्रप्रकाश हसला. फार चांगलं हसू नव्हतं ते. "कशावरून? मी एखादा कागद आणायला गेलो असेन."

"मग पाय ठेवला नाही असं का सांगितलंत?"

साहेब त्याच्याकडे बघत होते, वसुधा बघत होती, बाळ तर तो मशीनशीच खोटं बोलला असावा तसा बघत होता. चंद्रप्रकाशनं आपल्या बुटांकडे बघितलं.

"बारा वर्षं झाली मला इथे," तो अखेर म्हणाला. "ही दोन वर्षांपूर्वी आली. दिल्लीचे लोक येणार, हिला विचारणार, हिला नेणार. मी उद्या सांगणारच होतो की गंमत केली."

"उद्या?" वसुधा पहिल्यांदा बोलली. "प्रकल्प आजच द्यायचा होता, चंद्रप्रकाश. गंमत उद्यापर्यंत टिकवायची होती का तुला?"

"आणि मी काही वेळेचा डाव रचला नव्हता," तो म्हणाला, जणू त्यामुळे गुन्हा कमी होणार होता. "शिक्का अकरा बावन्नचा आहे हे मला बाळकडूनच कळलं. मी म्हटलं, नशीब."

"आणि बाळ बळी," मामा म्हणाले.

साहेबांनी हिरवं पेन उघडलं. पुष्कळ वेळ ते कागदावर धरून बसले. हिरव्या शाईतलं आपणच खोडायचं, हे त्यांना दिल्लीपेक्षा जड जात होतं. शेवटी त्यांनी शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली, खाली रद्द लिहिलं, सही केली आणि वेळ घातली.

"देवधर, तुम्ही राजीनामा लिहा," ते म्हणाले. "हातानं."

चंद्रप्रकाशनं लिहिला. खाली वेळ घालायची म्हणून सवयीनं मान वर करून हॉलमधल्या घड्याळाकडे बघितलं, दहा वजा केले आणि लिहिलं, दोन अठ्ठावन्न.

मामांनी आपल्या घड्याळात बघितलं. बरोबर होते.

५

पाहुणे वेळेवर आले, कारण त्यांना भिंतीवरचं घड्याळ ठाऊक नव्हतं. तिघंही बूट काढून, उसने स्वेटर घालून मशीनरूममध्ये बसले. एकाच्या मोज्याला भोक होतं, पण मामांशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

"काहीही लिहून दाखवा," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "जोडाक्षर हवं."

वसुधानं कीबोर्डवरून आपला रुमाल उचलला. थोडा विचार केला. मग पडद्यावर एकेक अक्षर हिरवं होत गेलं. श्री. धाकू परब, वेळरक्षक.

दारात उभ्या असलेल्या मामांनी ते वाचलं. आजवर त्यांचं नाव फक्त हजेरीच्या पुस्तकात यायचं, तेही दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहिणारा म्हणून खाली कोपऱ्यात. त्यांनी पाहुण्यांच्या बुटांचे तीन जोड उगाच पुन्हा सरळ केले.

पाच वाजता प्रकल्पाचं पत्र वसुधाच्या नावानं झालं. जाताना मामांनी लाल नाडीची फाईल तिच्यापुढे धरली. आत तो रद्द झालेला राजीनामा होता.

"नेला होता तसा परत आणलाय, गो," ते म्हणाले. "पोच दे."

तिनं त्यांच्या वहीत सही केली आणि खाली वेळ घातली. मग सकाळचे वडे काढले. थंड झाले होते. दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला, बाळला एक अख्खा दिला, कारण तो अजून मशीनशी बोलत नव्हता.

त्या रात्री साहेबांनी नवा हुकूम काढला. हॉलमधलं घड्याळ ताबडतोब बरोबर करण्यात यावं. मामांनी ते स्वतः स्टुलावर चढून दहा मिनिटं मागे केलं.

दुसऱ्या दिवशी सगळी प्रयोगशाळा त्या घड्याळाकडे बघत आली. सवयीनं प्रत्येकानं मनातल्या मनात दहा वजा केले, आपण वेळेवर आहोत असं समाधान मानलं, आणि धाकूमामांनी वहीत सगळ्यांपुढे एकच नोंद केली.

दहा मिनिटं उशीर.